टब : रिवर्क की स्क्रॅप?

सातपुरात घरातली कुठलीही दुरुस्ती खासगी राहत नाही. शेजारी टर्नर, समोर वेल्डर, मागच्या गल्लीत पेंट शॉपचा सुपरवायझर. जो तो एमआयडीसीत. मी स्वतः क्वालिटीत. लोकांनी राबून बनवलेल्या जॉबला लाल टॅग लावण्यात उभी नोकरी गेली. त्यामुळे आमच्या रो-हाउसमधल्या बाथटबचा निकाल मी चहा संपायच्या आत लावीन, अशी घरात सगळ्यांची, म्हणजे माझी, समजूत होती.

टब आधीच्या मालकाचा. अशोकनगरात टबवालं घर मिळतंय म्हटल्यावर मी भाव करायचंही विसरलो. लोळत आंघोळ करायची हौस पहिल्याच दिवशी फिटली. टब भरायला दीड-दोनशे लिटर पाणी आणि आमचा गिझर पंधरा लिटरचा. पाणी छातीपर्यंत येईस्तोवर ते गंगापूर धरणातून निघालं त्याच तापमानाला परत आलेलं! तेव्हापासून आम्ही टबात उभं राहून बादलीनेच आंघोळ करतो. परिणामी तळाची चकाकी गेली, पिवळे पट्टे उमटले, बारीक चिरा पडल्या.

"अहो, काढून टाका तो," असं सौ. म्हणाली.

"आधी इन्स्पेक्शन!" म्हणत मी टॉर्च आणि व्हर्निअर घेऊन टबात उतरलो. चिरांची लांबी मोजली, तक्ता केला. पेंट शॉपवाला म्हणाला, "काका, पावडर कोटिंग करून टाकू. ओव्हनला दोनशे डिग्री." टब अ‍ॅक्रिलिकचा, शंभरीच्या आसपासच मऊ पडायला लागतो. ओव्हनमधून टब गेला असता आणि परात आली असती. टर्नर म्हणाला, "बिडाचा असता तर गोष्ट वेगळी." खरंच होतं ते. बिडाच्या टबावरचं एनॅमल म्हणजे आठशे डिग्रीच्या आसपास भाजून बसवलेली काच. तसा टब पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, त्याचं रिवर्क परवडतं.

नवा टब घ्यावा तर टबाची किंमत हा सगळ्यात किरकोळ खर्च. टब विटांच्या बांधकामात बसवलेला. तो काढायचा म्हणजे टाइल्स फोडा, नहाणी ट्रॅप उघडा, वॉटरप्रूफिंग नव्याने करा. शिवाय त्या डिझाइनच्या टाइल्स आता मिळत नाहीत. टब बदलायला निघालेला माणूस बाथरूम बदलूनच परततो. म्हणून मी टॅगवर लिहिलं : रिवर्क.

रिवर्कची सुरुवात जुना थर काढण्यापासून, आणि या कामातलं मरण काही विनोदी नाही. अमेरिकेत 2000 ते 2011 या काळात टबांचा जुना लेप काढताना मिथिलीन क्लोराइडच्या वाफेने 13 कामगार बंद बाथरूममध्ये दगावले. म्हणून ते रसायन मी घरात आणलं नाही. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू आणि हातात वॉटर पेपर. घासून खांदे निखळले.

मग इपॉक्सी. डब्यावर लिहिलं होतं, थोडं थोडं कालवा. पण थोडं थोडं काम करणं आमच्या खात्यात बसत नाही. रेझिन आणि हार्डनर सगळंच्या सगळं एका मगात ओतलं. इपॉक्सीचा ढीग स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि तापला की झपाट्याने घट्ट होतो. अर्धा टब रंगला नाही तोच मग चटके देऊ लागला, धुरकटला, आणि ब्रश त्यात उभाच्या उभा रुतला. दुसरा डबा आणून टब पुरा होईपर्यंत आमचं कुटुंब टॉवेल घेऊन शेजाऱ्यांकडे जात होतं.

टब मात्र झळकला! लेप सुकल्यावर मी ऐटीत पाय ठेवला. कट्‌! जुनी चीर होती तिथेच नवी.

शेवटी फरशीवाल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने तक्ता बघितला नाही, व्हर्निअर बघितलं नाही. थापीच्या दांड्याने तळावर दोन ठोके दिले. ढब ढब. "साहेब, खालून पोकळ आहे. बसवताना माल भरलाच नाही. उभं राहिलं की तळ दबणार. वर सोनं लावलं तरी फुटणार." नवीन पोरांना मी शिकवतो की दोष दिसला की पाच वेळा 'का' विचारा. चिरा का पडल्या, हे मिस्त्रीने पहिल्यांदा विचारलं.

टब निघाला. भंगारवाल्याने अ‍ॅक्रिलिकला भाव नाही म्हणत उचलायचे पैसे मागितले, मी दिले.

तुमच्याकडे असा टब असेल तर रंगाच्या दुकानात जाण्याआधी तळावर ठोकून बघा. भरीव वाजला तर खुशाल कोटिंग करा. पोकळ वाजला तर तोच पैसा फरशीत घाला. आणि टब अजून घेतलाच नसेल, तर आधी गिझर किती लिटरचा आहे ते बघा.