विचारण्याची वाईट खोड

२०१२ साली कॅलिफोर्नियातल्या मतदारांना विचारलं गेलं: कर्करोग संशोधनासाठी सिगारेटच्या पाकिटावर एक डॉलर जादा कर लावायचा का? थोडक्या मतांनी ‘नको’ आलं. विचारलं की असं होतं!

आपल्याकडे ती खोड नाही. २०१८ पासून प्राप्तिकरावर ४ टक्के ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ आहे. त्यातल्या आरोग्याच्या वाट्यासाठी वेगळा राखीव निधी मंजूर व्हायला २०२१ उजाडलं. तोवर आरोग्य कुठल्या वॉर्डात ॲडमिट होतं, देव जाणे. साताऱ्याचे गुरुजी फॉर्म सोळावर या उपकराचा आकडा बघतात आणि सांगलीच्या मेडिकलात गोळ्यांचे पैसे मुकाट मोजतात.

एकदा मतपत्रिका पाठवून बघा. आम्ही ‘हो’च म्हणू, फक्त पावती मागू.