बादली मागायची नाही

आमच्या परभणीत कॅप्टन एकच. सैन्यातले नव्हेत, क्रिकेटचे तर मुळीच नव्हेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर आहेत ते. उभ्या नोकरीत त्यांनी फळ्यावर भरती-ओहोटी काढली, सूर्य-चंद्र-पृथ्वी एका रेषेत आणून अमावास्येचं उधाण पोरांकडून छडीच्या जोरावर पाठ करून घेतलं, आणि प्रत्यक्ष समुद्र पाहिला तो पेन्शन सुरू झाल्यावर. पुण्याच्या मुलानं आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुंबई-गोवा-मुंबई क्रूझचं बुकिंग करून टाकलं. दोन रात्रींचा मामला. सर गेले आणि कॅप्टन होऊन परत आले.

तोंडावर अर्थात ‘सर’च म्हणायचं. पाठीमागं मात्र स्टेशन रोडपासून वसमत रोडपर्यंत कुणाचं क्रूझला जायचं ठरलं, की लोक सांगतात, “पैसे भरा, पण आधी कॅप्टनला विचारा.”

असा माणूस गावोगावी असतो. आमच्या लहानपणी तो चारधाम करून आलेला असायचा. केदारनाथला घोडेवाल्याशी भाव कसा करायचा, हे तो गंगाखेडच्या घाटावर बसून शिकवायचा. मग तो दुबईला जाऊन आलेला झाला. सोनं किती आणि कसं आणता येतं हे कस्टमवाल्यांपेक्षा त्याला जास्त ठाऊक. आता क्रूझ. या पदासाठी अट एकच, जागा फक्त एकदा पाहिलेली असावी. दोनदा जाऊन आलेल्या माणसाला शंका यायला लागतात.

समुद्र आमच्यापासून रस्त्यानं पाचेकशे किलोमीटर. पाण्याशी आमचा संबंध म्हणजे गोदावरी, येलदरीचं धरण आणि नळ. त्यातही नळाची पाळी लक्षात ठेवायला कॅलेंडर लागतं. 2016च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिलेल्या माणसाला बोटीवरचा कॅसिनो काय दिपवणार? सर दिपले ते एकाच गोष्टीनं. बोट समुद्राच्या खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी स्वतःच करते आणि रात्री बारा वाजता नळ सोडला तरी धो धो येतं! काकूंचा यावर विश्वास नव्हता. केबिनमध्ये पाऊल टाकताच त्यांनी पाणी भरायला घेतलं. दोन्ही ग्लास, बरोबरच्या बाटल्या, बर्फाचं भांडं, शेवटी ब्रश ठेवायचा पेलासुद्धा.

“अगं, चहूकडं समुद्र आहे,” सर म्हणाले.

“तो काय प्यायचाय?” काकू म्हणाल्या, आणि बादली-मग मागायला दाराकडं निघाल्या.

सरांनी त्यांना अडवलं. क्रूझचा पहिला नियम तिथं जन्माला आला: बादली मागायची नाही. न्हाणीघर एवढंसं, शॉवरखाली उभं राहिलं की वळायची पंचाईत, साबण पडला तर वाकायचं कसं हा प्रश्न. तरी मागायची नाही. का? तर आपण परभणीचे आहोत हे कळतं.

सरांचा सगळा सल्ला ऐकून माझं असं मत झालंय, की त्यांचे बाकीचे नियम म्हणजे या एकाच नियमाला फुटलेल्या फांद्या आहेत. आणि गंमत अशी, की ते जवळजवळ सगळे बरोबर असतात.

गेल्या साली दसरा झाला आणि आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्यांनी क्रूझचं ठरवलं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, म्हणून दिवाळीनंतरची तारीख. सरांना घरी बोलावणं गेलं. सर आले, सोफ्यावर बसले, आणि आधी इतिहास झाला. 2018च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ कशी सुरू झाली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. मग 2021च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’. ती मूळची ‘नॉर्डिक एम्प्रेस’, 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेली. त्याच्याही आधी कोकणातली माणसं वळकट्या घेऊन बोटीनं जायचीच की, असं मेडिकलवाले मध्येच बोलून गेले.

“ती गावी जायला जात होती,” सर म्हणाले. “आपण कुठंच जायला जात नाही. जिथून बसलो तिथंच उतरायचं. फरक लक्षात घ्या.”

मग गाडीचं. “तपोवननं जाऊ नका. ती रात्री मुंबईत पोचते, तोवर तुमची बोट समुद्रात. आदल्या रात्रीची देवगिरी धरा. सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं दहा मिनिटं. आणि उशीर करू नका. ही काय ‘हात दाखवा, गाडी थांबवा’वाली एसटी नाही.”

“बोट लागती का हो?” वहिनींनी हळूच विचारलं.

“जिंतूर रोडच्या खड्ड्यांत तुम्हाला एसटी लागली होती का?”

“नाही.”

“मग बोटीची काय बिशाद! तरी पोट तुडुंब भरू नका, गरगरलं तर डेकवर येऊन लांब क्षितिजाकडं बघा. केबिन मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घेतली असती तर हलणं कमी लागलं असतं. गोळीचं मी यांना काय सांगू? मेडिकल यांचंच आहे.”

त्यानंतर बॅगा. दोन मोठ्या, एक मधली आणि कशाला लागेल म्हणून एक रिकामी. सरांनी चष्मा लावला, पालथी मांडी घातली आणि पहिल्या बॅगेची चेन ओढली. सर्वांत वर दशम्यांचा डबा निघाला. त्याखाली शेंगदाण्याची चटणी, धपाट्यांची चवड, लसणाचा ठेचा. सरांनी एकेक जिन्नस बाहेर काढून सतरंजीवर रांगेत मांडला.

“बाहेरचं खाणं चालत नाही.”

“दशम्यांना कोण काय म्हणायलंय?” वहिनी.

“मशीन म्हणतंय. बॅग मशिनीतून जाते.”

पुढं इलेक्ट्रिक किटली निघाली. “चालत नाही.” प्रेस. “चालत नाही. आग लागायची भीती.” एक्स्टेन्शन बोर्ड. “तेही नाही.” तळाशी नायलॉनच्या दोरीचं बंडल होतं. सरांनी ते दोन बोटांत धरून मेडिकलवाल्यांकडं पाहिलं.

“कपडे वाळत घालायला,” ते ओशाळून म्हणाले. “बाल्कनीची खोली घेतलीय ना.”

“भर समुद्रात तुमचा टॉवेल फडफडायला लागला तर लोकांना वाटेल, बोट शरण आली!”

दोरी काढली. सर थोडे मऊ झाले. हा माणूस नुसतं काढत नाही, घालायलाही सांगतो, आणि ते मोलाचं असतं. मोठ्या बॅगा धक्क्यावरच पट्टी लावून बोटवाल्यांच्या ताब्यात द्यायच्या. त्या केबिनच्या दारात पोचतात, पण कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून बीपीच्या गोळ्या, आधार कार्ड, चार्जर, एक बदलायचा जोड आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. नाहीतर भर दुपारी पूलमध्ये लोक डुंबतायत आणि तुम्ही लेंग्यात काठावर. डेकवर वारं झोंबतं, आत एसी झोंबतो. एक पातळ जॅकेट हवंच. बूट रबरी तळव्याचे. नवी चप्पल घालून जायचा मोह आवरायचा, ओल्या डेकवर पहिल्यांदा घसरते ती नवी चप्पल.

पूलमध्ये बनियन आणि सुती हाफ चड्डी चालत नाही. नायलॉनचा कॉस्च्यूमच लागतो. सुताचे तंतू सुटून पाण्याच्या गाळणीत अडकतात म्हणे. हा नियम सरांनी मेडिकलवाल्यांच्या भावाला सांगितला तेव्हा तो फार दुखावला. त्यांचं मानवतला कापसाचं काम आहे. “म्हणजे आमच्या कापसाला तिथंबी भाव नाही,” तो म्हणाला.

संध्याकाळच्या जेवणाचा पोशाख हा सरांचा खास प्रांत. “हाफ पँट, बनियन, बाथरूम स्लिपर, यांतलं काही घालून मोठ्या हॉटेलात बसू देत नाहीत. फुल पँट, कॉलरचा शर्ट, बूट. वहिनींना साडी चालते, नुसती चालत नाही, उठून दिसते. पण काठापदराची नऊवारी नेसून जिना चढू नका. बोटीचे जिने उभे असतात.” सर स्वतः मुलाच्या लग्नात शिवलेला कोट घालून जेवायला बसले होते. तो कोट नंतर त्यांनी गोव्याला उतरतानाही घातला. मुरगावच्या उन्हात अंगाचं पाणी पाणी झालं, पण काढला नाही.

आता जेवण. इथं सर सावकाश बोलतात, कारण इथं माणसाचं खरं नुकसान होतं. बुफे म्हटलं की आपला माणूस दारातलं पहिलं ताट उचलतो आणि पहिल्या भांड्यापासून वाढून घेत सुटतो. पावच सहा तऱ्हेचे, मग सॅलड, मग पास्ता. खऱ्या पदार्थांपाशी पोचेपर्यंत ताटात जागा नाही आणि पोटातही. म्हणून पहिली फेरी रिकाम्या हातानं. हात मागं बांधायचे, नुसतं बघत जायचं, बोलायचं नाही. दुसऱ्या फेरीत ताट, थोडं थोडं. काही उरवायचं नाही आणि नॅपकिनमध्ये गुंडाळून केबिनवर न्यायचं नाही. जैन जेवण मिळतं, शाकाहारी भरपूर. मोठ्या हॉटेलात रात्रीच्या जेवणाच्या पाळ्या ठरलेल्या असतात. तुमची पाळी साडेसातची तर साडेसातलाच जायचं, ‘येतो हो पाच मिनिटात’ म्हणायचं नाही. काही हॉटेलं तिकिटात धरलेली, काही वेगळ्या पैशाची. दारातच विचारायचं, त्यात लाज नाही. चहा-पाणी फुकट, कोल्ड्रिंक आणि ते दुसरं ड्रिंक विकत. रोकड कुठंच चालत नाही. केबिनची किल्ली म्हणून जे कार्ड देतात, तेच सगळीकडं दाखवायचं.

“म्हणजे पैसेच लागत नाहीत?” मेडिकलवाल्यांचा मुलगा हरखून म्हणाला.

“शेवटच्या रात्री दाराखालून कागद सरकतो,” सर म्हणाले. “तेव्हा कळतं लागतात का नाही ते.”

सर हे सगळं सांगतात, पण त्यांचं स्वतःचं सोंग बुफेतच उघडं पडलं. ही हकीकत काकूंकडून कळलेली. सरांनी आजवर सांगितलेली नाही. पहिल्या संध्याकाळी ज्यानं कुणी विचारलं त्याला सरांनी “औरंगाबादजवळ” असं उत्तर दिलं. वेटरला तेच, लिफ्टमधल्या गुजराती जोडप्याला तेच. हात मागं बांधून पहिली फेरी चालू होती, आणि सातव्या-आठव्या भांड्यापाशी सरांचा पाय अडखळला. भेंडीची भाजी होती. कोवळी, हिरवीगार. सर थांबले. आवंढा गिळला. पलीकडचा वाढपी अदबीनं म्हणाला, “भिंडी, सर?”

“भिंडी नव्हे!” सरांचा वर्गातला आवाज सुटला. “भेंडी! भेंडीचं सगळ्यात नावाजलेलं वाण कुठलं, माहीत आहे? परभणी क्रांती! हळद्या रोगाला दाद न देणारं! आमच्या कृषी विद्यापीठानं काढलेलं!”

रांग थबकली. भेंडी नेमकी त्याच जातीची होती का, हे वाढप्याला ठाऊक नव्हतं आणि सरांनाही. पण मागून एक धिप्पाड गृहस्थ ताट सांभाळत पुढं आला आणि भर रांगेत वाकून सरांच्या पाया पडला. “सर, ओळखलं का? मी सेलूचा. तुमच्या छडीचा वळ अजून आहे बघा.”

तिथून पुढं क्रूझ संपली म्हणायची. सेलूवाल्याची बायको पालमची, तिची जाऊ पूर्णेची, त्यांच्या बरोबरचे दोघं पाथरीचे. नवव्या मजल्यावर, उघड्या डेकवर, मराठवाडा गोल करून बसला. पलीकडं गाण्याचा शो होता, तो राहिला. गोव्यात उतरून लगेच परत चढले. सगळं ध्यान संध्याकाळच्या बैठकीकडं. कुणाच्या पिशवीत तरी मशिनीला न दिसलेली तिळाची चटणी निघाली, असंही काकू म्हणतात. सर म्हणतात, तसं काही घडलं नाही, आणि विषय बदलून भोंग्याकडं वळतात.

भोंगा ही सरांच्या कार्यक्रमाची भैरवी. बोट सुटण्याआधी सगळ्यांना ठरलेल्या जागी जमवून लाइफ जॅकेटची कवायत होते. धोक्याची खूण म्हणजे सात आखूड भोंगे आणि मग एक लांब. सर ती तोंडानं करून दाखवतात. मेडिकलवाल्यांच्या दिवाणखान्यातही त्यांनी उभं राहून, डोळे मिटून, सातही भोंगे दिले आणि आठवा असा लांबवला, की स्वयंपाकघरातून मोलकरीण धावत येऊन म्हणाली, “गॅस बंद केला हो वहिनी, कुकरच्या कवाच्या शिट्ट्या होऊन गेल्या असतील.”

मंडळी गेली आणि परत आली. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मेडिकलवाले काजूचं पाकीट घेऊन सरांकडं गेले. मीही सोबत होतो. सर, तुम्ही म्हणालात तस्संच. बॅग संध्याकाळी आली. पहिली फेरी रिकाम्या हातानं केली. कोट नव्हता, पण कॉलरचा शर्ट होता. वहिनी साडीत उठून दिसल्या, दोघा परक्या बायकांनी फोटो काढून घेतला. बोट लागली नाही. सर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

“फक्त एक,” मेडिकलवाले म्हणाले. “हिनं बादली मागितली.”

सरांची मान थांबली.

“आणि दिली हो त्यांनी. लगेच. मगासकट. काही बोलले नाहीत, हसलेसुद्धा नाहीत.”

सर बराच वेळ काजूच्या पाकिटावरची किंमत वाचत राहिले. मग चष्मा काढला. “तुमची केबिन कितव्या मजल्यावर होती?” त्यांनी विचारलं, चौकशी अधिकारी विचारतो तशा आवाजात.

उत्तर द्यायला मेडिकलवाल्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंचा. “दोन दिवस! दोन दिवस मी त्या फवाऱ्याखाली एका पायावर उभी होते!”