ज्याचं तिकीट, त्याची खिडकी

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना दिवसाच्या गाडीने कोकणात न्यायचं, ही कल्पना माझी. हे मी आपणहून कबूल करून टाकतो, कारण आमच्या घरात गेले आठ दिवस रोज कुणी ना कुणी मला त्याची आठवण करून देतंच आहे.

एरवी आम्ही रात्रीच्या गाडीने जातो. मुलं ठाण्याला झोपतात आणि कुडाळला उठतात. थोरली आठ वर्षांची झाली, तरी तिच्या नकाशात ठाण्याची हद्द संपली की लगेच आजीचं अंगण लागतं. मधले चार-साडेचारशे किलोमीटर तिने फक्त घोरून काढलेले. या पोरांना कोकण रेल्वे म्हणजे काय हे एकदा दाखवायलाच हवं, असं मी ठरवलं आणि मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं काढली. रोज रात्री थोडी थोडी माहितीही जमवली. १ मे १९९८ ला राष्ट्राला अर्पण झालेला मार्ग, एकूण ९१ बोगदे, त्यातला करबुड्याचा सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटरचा. आणि रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा पूल, ६४ मीटर उंच, म्हणजे वीसमजली इमारतीएवढा. खरं सांगायचं तर तो पूल मलाच बघायचा होता. इतक्या वर्षांत दर वेळी तो माझ्या झोपेतूनच गेला होता.

"मुलांना काय दाखवायचं ते दाखव," बायको म्हणाली, "पण जादा चड्ड्या चार घेतल्यात. त्या कुठल्या बॅगेत आहेत तेवढं लक्षात ठेव."

पावणेआठच्या सुमाराला ठाण्याला गाडी आली. सहा नग सामान आणि दोन नग पोरं आत चढवून मी घाम पुसतो न पुसतो तोच पहिला खटला उभा राहिला: खिडकी कुणाची?

थोरलीची बाजू कायद्याने भक्कम होती. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, आणि धाकटा साडेचार वर्षांचा. थोरलीसाठी मात्र बर्थ घेतला होता आणि २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर मोठ्या माणसाएवढंच भाडं पडतं. त्यातून खालचा बर्थ नेमका तिच्या नावावर. माझ्या मोबाइलवरचं तिकीट तिने मोठ्याने वाचून दाखवलं.

"माझं तिकीट आहे. त्याचं नाही. म्हणून खिडकी माझी."

"मग मी कुठे आहे?" धाकट्याने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. रेल्वेच्या कागदोपत्री तो गाडीत नव्हताच. मात्र त्याचा आवाज पनवेलपर्यंत पोचला होता.

मी घड्याळाची पद्धत सुरू केली. दहा मिनिटं तिची, दहा मिनिटं त्याची.

"दहा मिनिटं म्हणजे किती?"

"आई आंघोळीला जाते ना, तेवढी."

"मग मी किती जोरात रडायचं?" त्याने प्रामाणिकपणे विचारलं.

समोरच्या खिडकीत एक आजी बसल्या होत्या. पायाशी दोन पिशव्या, मांडीवर तिसरी. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त पदर तोंडाला लावून बाहेर बघत हसल्या.

पनवेल सुटलं आणि भूक लागली. गाडीतल्या भुकेचा पोटाशी काही संबंध नसतो. समोरून काय येतंय त्यावर ती ठरते. मांडवी तर खाण्यासाठी नावाजलेली गाडी. एक ट्रे जातोय तोवर दुसरा येतो. कटलेट गेलं, ऑम्लेट गेलं, वडे गेले, चहा तर सारखाच. बायकोने पहाटे साडेचारला उठून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुळाच्या दशम्या केल्या होत्या. त्या डब्याकडे दोघांनी शाळेच्या दप्तराकडे बघावं तसं बघितलं. कटलेट हवं म्हणून धाकट्याने डबा झाकून टाकला. कटलेट घेतलं. एक घास खाल्ल्यावर शोध लागला की त्याच्या आत बीट आहे. मग दशमी. दशमी संपतेय तोच वडेवाला परत आला. रोह्यापर्यंत मी दोन माणसांची उरलीसुरली न्याहारी जेवलो होतो. बापाला प्रवासात वेगळं काही मागवावं लागत नाही.

रोह्याला मी घसा खाकरला. "आता कोकण रेल्वे सुरू झाली बरं का! इथून थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत. सह्याद्रीच्या सोंडा समुद्राकडे उतरतात आणि आपली गाडी त्यांना आडवी जाते. म्हणून सोंड आली की बोगदा, आणि दोन सोंडांमधली नदी आली की पूल."

"ही साखळी कशाला आहे?" थोरलीने वर बोट दाखवून विचारलं.

माझी सोंड हवेतच राहिली. साखळीखालचा मजकूर तिने आधीच वाचला होता. विनाकारण ओढल्यास १००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. धाकट्याने हिशेब लावायला वेळ घेतला.

"बाबा, तुझ्याकडे हजार रुपये आहेत?"

"आहेत," माझ्याऐवजी बायको म्हणाली, "पण ते काजूंसाठी ठेवलेत."

त्याला ते पटलं. काजूंपुढे साखळीचं काही चालत नाही. त्यानंतर तासभर तो मला मधूनमधून "आणि काजू नको असले तर?" एवढंच विचारत होता.

बाहेर कापणी झालेली भातशेतं, उडव्या, मधूनच एखादं कौलारू घर. मी म्हणायचो, "ते बघा!" मुलं वळेपर्यंत ते मागे जायचं आणि समोर नुसती झुडपं यायची. चार-पाच झुडपं दाखवून झाल्यावर त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला. त्यांना दिसत होतं ते सगळं डब्यातच होतं: वरच्या बर्थवरून लोंबणारा एक पाय, त्यातल्या मोज्याचं भोक, आणि त्या भोकातून बाहेर डोकावणारा अंगठा. त्या अंगठ्याला त्यांनी नाव ठेवलं. तो हलला की दोघं खिदळायची. मार्ग बांधायला अभियंत्यांनी इतकी वर्षं घालवली आणि माझी पोरं त्यावरून एका अंगठ्याचं दर्शन घेत चालली होती.

खेडच्या अलीकडे बोगदे लागले. घड्याळाची पद्धत तोवर पार मोडीत निघाली होती, म्हणून मी नवा कायदा केला: बोगदा आला की खिडकी बदलायची. निसर्गच पंच, म्हणजे तक्रारीला जागा नाही. स्वतःच्या हुशारीवर मी जरा खूशही झालो.

पण या मार्गावरचे बोगदे अंतर ठेवून येत नाहीत. एक संपून डोळे मिचकावतो न मिचकावतो तोच दुसरा. दर बोगद्याला एकाने उठायचं, माझ्या गुडघ्यांवरून पलीकडे जायचं, दुसऱ्याने अलीकडे यायचं. चिपळूणपर्यंत माझ्या मांड्यांवरून मुंबईच्या लोकलएवढी वाहतूक झाली. शिवाय बोगद्यात शिरलं की ओरडायचं, हा अख्ख्या डब्यातल्या पोरांचा एकमुखी ठराव झालेला. पलीकडच्या कंपार्टमेंटमधून एक "ऊऽऽ" यायची, इकडून दोन जायच्या. धाकटा बोगदे मोजत होता. एक, दोन, तीन, सात. नव्याण्णव आल्यावर त्याने जाहीर केलं की बोगदे संपले. पुढच्या बोगद्याने ते मान्य केलं नाही.

संगमेश्वरच्या आसपास एका छोट्या स्टेशनात गाडी थांबली. क्रॉसिंग. मार्ग बहुतेक एकेरीच असल्याने समोरची गाडी येईपर्यंत कुणीतरी बाजूला उभं राहायचं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली, 'कधी सुटणार?' बारा वेळा विचारून झालं. मग समोरून धडधडत गाडी आली आणि दोघं एकदम गप्प झाली. गाडीवर ट्रक होते. एकामागे एक, भरलेले ट्रक, उघड्या वाघिणींवर उभे. एका ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर पाय वर घेऊन चहा पीत होता.

"बाबा, ट्रक दमले?"

१९९९ पासून कोकण रेल्वे असे ट्रक गाडीवर चढवून नेते, रो-रो म्हणतात त्याला. घाटातला त्रास वाचतो, डिझेल वाचतं. सकाळपासून मी सांगितलेली ही पहिली माहिती, जी दोघांनी तोंडं उघडी टाकून ऐकली.

"त्यांचं तिकीट असतं?" थोरलीने विचारलं.

"असतं तर. ट्रकचं भाडं भरावं लागतं."

"मग खिडकी कुणाची?"

"ड्रायव्हरची."

"दोन्ही बाजूंच्या?"

ड्रायव्हर व्हायचं, हे धाकट्याने त्याच क्षणी ठरवलं.

उक्षी सोडलं आणि करबुड्याचा बोगदा लागला. माझ्या कायद्याप्रमाणे पाळी थोरलीची होती. साडेसहा किलोमीटर, पाच-सहा मिनिटं, बाहेर ठार काळोख. पोरांचा "ऊऽऽ" दीड मिनिटात संपला, दम कुणाचाच पुरला नाही. काचेत डब्यातलाच दिवा आणि आपलेच चेहरे. थोरली हाताची घडी घालून बसून राहिली.

"मला सगळ्यात मोठा मिळाला आणि त्यात काहीच दिसत नाही. पैसे पूर्ण भरलेत आपण."

आता पंचाकडेही उत्तर नव्हतं. तेवढ्यात समोरच्या आजींनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि सरकून जागा केली.

"अगो चेडवा, हंय बस. माका काय बघूचा आसा? सगळे डोंगर माझ्या वळखीचे."

दोन मुलं, दोन खिडक्या. ठाण्यापासून मी जे सोडवत होतो ते कुल्ल्यांची दोन वीत हालचाल करून सुटलं. मला थोडी लाजच वाटली. बायकोने सकाळपासून पहिल्यांदा डोळे मिटले आणि मिनिटभरात ती झोपली.

रत्नागिरी आलं. मी ताठ बसलो. मोबाइलचा कॅमेरा उघडला, काच पुसली, धाकट्याला सांगितलं, "आता बघ हं, थोड्या वेळात आपण इतक्या उंच पुलावरून जाणार आहोत की..."

गाडी सुटली.

"बाबा, शी."

जगात अशी काही वाक्यं असतात की त्यांच्यापुढे ६४ मीटरचं काही चालत नाही. मी त्याला उचललं, सामान ओलांडलं, पाय ओलांडले, तो प्रसिद्ध अंगठा ओलांडला आणि संडास गाठला. आमच्या लहानपणी तिथल्या भोकातून खालचे रूळ पळताना दिसायचे. कितीतरी वेळ आम्ही नुसते तेच बघायला जायचो. आता बायोटॉयलेट आलं, रूळ स्वच्छ राहतात, ते बरंच झालं. पण आत बघण्यासारखं काही उरलं नाही. एका हाताने पोराला धरायचं, दुसऱ्या हाताने दांड्याला, आणि तिसऱ्या हाताने नळ दाबून ठेवायचा, अशी तिथली एकंदर रचना.

सगळं आटोपून मी त्याची चड्डी वर करत होतो, तेवढ्यात त्याने माझा हात धरला.

"बाबा, ऐक. आवाज बदलला."

खरंच बदलला होता. इतका वेळ डोंगराला आपटून परत येणारा खडखडाट अचानक पोकळ झाला होता, जणू गाडीखालची जमीनच कुणी काढून घेतली. पूल! खिडकीची काच धुरकट. वर, माझ्या डोळ्यांच्याही वर, वीतभर उघडी फट. तिथून एकालाच दिसणार होतं. मी त्याला दोन्ही हातांनी वर धरलं.

"काय दिसतंय?"

"झाडांची डोकी!" तो ओरडला. "बाबा, झाडं खाली गेली! नुसती डोकीच आहेत!"

"नदी दिसते?"

"डोकी दिसतात!"

पूल ४२४ मीटर लांब आहे. हिशेब केला तर वीस सेकंद. त्या वीस सेकंदांत मी त्याच्या बनियनचं लेबल बघितलं. त्यावर धुण्याच्या सूचना होत्या.

जागेवर आलो तर बायको झोपलेलीच. थोरली आजींच्या खिडकीत.

"बाबा, आत्ता एक पूल गेला. खूप उंच होता. तू सांगत होतास तोच का?"

"तोच."

"मग तू कुठे गेला होतास?"

कुडाळला आमच्या आईने दारातच विचारलं, "वाटेत काय काय बघलंस रे?" धाकट्याने बोटांवर मोजून सांगितलं: दमलेले ट्रक, एक अंगठा आणि संडासातून झाडांची डोकी. आईने माझ्याकडे असं काही बघितलं, की मी बॅगा उचलून सरळ आत गेलो.

परतीची तिकिटं नेहमीप्रमाणे रात्रीच्या कोकणकन्याची होती. दोघं कुडाळ सुटताच एकमेकांवर पाय टाकून झोपली. खालच्या बर्थच्या कडेला, खिडकीशी, मी एकटा. भांडायला कुणी नाही, मागायला कुणी नाही, बाहेर मिट्ट काळोख. रत्नागिरी यायच्या आधी खडखडाट एकदम पोकळ झाला. दिसलं काहीच नाही. पण पूल आला हे मला कळलं. आवाजावरून ओळखायचा, हे मला आता माहीत होतं.