गळका एसी आणि गॅसचं निदान

मुंबई-ठाण्यात मे महिन्यात घरातला एसी भिंतीवरून टपटपू लागला, की मेकॅनिक चपला काढता काढताच निदान करतो : ‘गॅस संपलाय.’ हा गॅस बंद नळ्यांत फिरत राहतो. कुठे गळती असेल तरच कमी होतो. पण बिलात तो शोभून दिसतो.

मुळात विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्र रचलं, ते हवेतला दमटपणा काढायलाच. कोकणपट्टीच्या हवेत दीड टनी एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. हे पाणी थंड कॉइलवरून खालच्या ट्रेमध्ये आणि तिथून ड्रेन पाइपने बाहेर जायचं. जायचं खरं, पण पाइपात बुळबुळीत शेवाळ साचलेलं. वर त्याला उतारच नाही, कारण इंटेरियरवाल्याला फॉल्स सीलिंग देखणं हवं होतं. बाहेरचं टोक बाल्कनीतल्या बादलीत बुडालेलं. हवा कोंडते, पाणी माघारी फिरून सोफ्यावर उतरतं.

फिल्टर धुळीने बुजला तर कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर वितळून सांडतो. फिल्टर नळाखाली धुवायला दहा मिनिटं लागतात. एवढं स्वस्त काम कोण करणार?

बाहेरच्या टोकाला व्हॅक्यूम लावला, की काळपट गाळाचा गोळा निघतो. मागोमाग पाणी धो धो सुटतं, ते थेट खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवर. दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस लागते : सर्वांनी पाइप आपापल्या बादलीत सोडावेत.