ॲपर्चरकाका

सोसायटीचा चेअरमन बदलतो, पाण्याच्या वेळा बदलतात, ॲपर्चरकाका मात्र कायम असतात. त्यांचं खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलेलं. बँकेतून नाहीतर वीजमंडळातून निवृत्त, गुडघे शाबूत, मुलगा न्यू जर्सीला. तो मुलगा एकदा सुट्टीत येताना कॅमेरा घेऊन आला आणि जाताना मुद्दाम इथेच ठेवून गेला. (मुलगा हुशार.) तेव्हापासून काकांच्या अंगावर खाकी, पुष्कळ खिशांचं जाकीट चढलं, ते सत्यनारायणालाही उतरत नाही.

काकांचं ज्ञान कच्चं आहे असं कुणी समजू नये. ते सांगतात ते शंभर टक्के बरोबर असतं. फक्त ते सांगून होईपर्यंत ज्याचा फोटो काढायचा ते उडालेलं, मावळलेलं किंवा जेवायला बसलेलं असतं.

त्यांचा सगळ्यात जुना विद्यार्थी म्हणजे वॉचमनमामा. रात्रपाळीला माणूस जागचा हलू शकत नाही, हे काकांनी अचूक हेरलं. शतपावलीच्या निमित्ताने ते खाली येतात आणि गेटपाशी तास सुरू होतो. "मामा, लेन्सच्या आत एक भोक असतं, त्याला ॲपर्चर म्हणायचं. आकडा लहान, तर भोक मोठं. उलटा हिशोब. का? तर लेन्सच्या फोकल लांबीला भोकाच्या व्यासाने भागायचं, मग जो येतो तो आकडा. ५० मिलिमीटरची लेन्स, आकडा २ ठेवला, तर भोक २५ मिलिमीटरचं. ८ ठेवला, तर जेमतेम सव्वासहा." मामा "हां साहेब" म्हणतात. बाहेर कुणीतरी केव्हाचा हॉर्न वाजवत असतो.

या भोकानेच एका लग्नात घोटाळा केला होता. भोक जितकं मोठं, तितकी नेमकी दिसणारी पट्टी अरुंद. पुढचं-मागचं सगळं धूसर. एकट्या नवरीचा फोटो काढताना हे फार छान. काकांनी त्याच १.८ वर सबंध घराण्याचा ग्रुप फोटो काढला. पुढच्या रांगेतल्या मावश्यांच्या नथीतला मोती न मोती मोजून घ्यावा, आणि मागच्या रांगेतल्या आत्या पार धुक्यात! आता हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे, पण आत्यांना तो मान्य नाही. "वरपक्षाकडचेच बरे दिसेनासे झाले?" एवढंच त्यांचं म्हणणं. ग्रुपला आकडा ८ ठेवावा, हे काकांना ठाऊक होतं. नंतर त्यांनी आत्यांना ते समजावूनही सांगितलं. त्याने प्रकरण चिघळलं.

त्याच लग्नात अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या, हार पडले, तेव्हा काका लेन्स बदलत होते. पडत्या अक्षता हवेत थिजवायच्या तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकंच उघडं हवं. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून आयएसओ ३२०० हवा. आयएसओ वाढवला की फोटोत रवा येतो, म्हणून जास्त उजेड घेणारी लेन्स हवी. एकेक पायरी बिनचूक. सगळं जुळवून काकांनी डोळा लावला, तेव्हा गुरुजी दक्षिणा मोजत होते. ती मात्र अप्रतिम आली आहे. एकही नोट हललेली नाही.

कुणी घाई केली की काका इतिहास काढतात. "१९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनियरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. साडेतीन किलोचं धूड. ०.०१ मेगापिक्सेलचं काळंपांढरं चित्र, आणि तेही कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे!" ऐकणाऱ्याला हे २३ सेकंद फारसे वाटत नाहीत. तो काकांसमोर त्याहून जास्त वेळ हसरा चेहरा धरून उभा असतो.

हिवाळ्यात काका भिगवणला जातात. उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी येतात, म्हणून पहाटे अंधारात निघायचं, नाव ठरवायची, भाड्याने आणलेली भलीमोठी लेन्स मांडीवर घ्यायची. वाटेत काकूंना धडा: लेन्स ६०० मिलिमीटरची, तर शटर निदान १/६००, नाहीतर हात हलल्याचं दिसतं. नाव डुलतेय, म्हणजे आणखी वेगवान. सूर्य वर आला, थवा उठला, गुलाबी पंख पाण्यावरून गेले आणि काकांनी धडाधड बटण दाबलं. सगळे फोटो पांढरेफटक! आदल्या रात्री बाल्कनीतून गल्लीची रोषणाई टिपली होती. तेव्हाचा आयएसओ आणि शटर तसंच राहिलं होतं. "मॅन्युअलवर असं होतं," काका म्हणाले. "मग ऑटोवर ठेवा की," काकू म्हणाल्या. परतीच्या वाटेवर दोघांत संभाषण झालं नाही. माझ्या मते पहिली काही वर्षं कुणीही कॅमेरा खुशाल ऑटोवर ठेवावा आणि समोर बघावं, पण हे काकांसमोर म्हणायची सोय नाही.

घरी आल्यावर संगणक. इथे मात्र काकांना मुहूर्ताची अडचण नाही, पहाटेपर्यंत बसतात. कास पठारावरची सोनकी मुळात पिवळीच असते. काका रंगाची पट्टी उजवीकडे सरकवत नेतात, आणि अखेर ती फुलं पाहताना डोळ्यांवर हात धरावा लागतो. मग खाली स्वतःचं नाव आणि © ची खूण, इतकी ठळक की पठार नावामागे झाकलं जातं.

फोटो लोकांपर्यंत पोचवणं हा तर निराळाच अध्याय. व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकणं काकांना पाप वाटतं, कारण तिथे तो दाबून बारीक केला जातो. हेही खरंच. म्हणून ते डॉक्युमेंट करून पाठवतात, आणि पाठवतात रॉ फाईल. रॉ म्हणजे सेन्सरवर पडलेला कच्चा माल, एकेक फाईल पंचवीस-तीस एमबीची, आणि सहसा कुणाच्याच फोनवर न उघडणारी. आत्यांचा फोन आला, "मला कोरं का पाठवलंस?" मग ड्राइव्हची लिंक आली. ती उघडली की परवानगी मागा म्हणते. परवानगी काकांनी द्यायची, आणि काका कासला.

फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि कधीकधी घराचा ठावठिकाणाही लपलेला असतो, तो काढून मगच नातवंडांचे फोटो टाका, असं काका सांगत फिरतात. हा सल्ला सोन्यासारखा आहे. पण तो त्यांनी सर्वसाधारण सभेत, गळक्या टाकीच्या विषयावर मतदान चालू असताना दिला.

काकांच्या पंचाहत्तरीला गच्चीवर सगळं खानदान जमलं. आता काकांनीही फोटोत यायचं, म्हणून कॅमेरा मामांकडे आला. काका तिपाई लावून सूचना देऊ लागले: बटण आधी अर्धं दाबायचं, फोकस धरला की पूर्ण. मामांनी ऐकून घेतलं, डोळा लावला आणि मान हलवली.

"साहेब, ऊन तुमच्या पाठीमागनं येतंय. समद्यांची तोंडं काळी येत्यात. असं वळा, टाकीकडं. आत्याबाईंना फुडं घ्या."

खानदान निमूट वळलं. आत्या पहिल्यांदाच पुढे आल्या.

"आकडा १.८ हाय. ८ करतो."

खटकन आवाज झाला. काकांचं तोंड अजून उघडंच होतं, ते तसंच आलं आहे.

"छान, छान," काका म्हणाले, "आता प्रोसेसिंगला थोडा वेळ लागेल..."

"जेपेग बी ठेवलंय साहेब," मामा कॅमेरा परत देत म्हणाले. "आत्याबाईंना आजच धाडा."