ऐटीचा आजार

“तब्येत छान दिसतेय हो तुमची!” असं कुणी म्हणालं की मला गुदगुल्या होतात आणि संतापही येतो. गुदगुल्या अशासाठी, की तसं दिसावं म्हणून सकाळची निम्मी शक्ती मी साडीच्या निऱ्या आणि केसांतली क्लिप यांवर उधळलेली असते. संताप अशासाठी, की समोरच्या बाईंना ते खरंच वाटतं!

“सांधेदुखी काय, सगळ्यांनाच असते,” असंही त्या म्हणतात. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे आमवात. वयाप्रमाणे गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर चाल करून जाते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दुपटी-तिपटीने होतो. दुखण्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आहे. पण रात्रभर झोपूनही सकाळी अंगात उरलेला थकवा कुठल्या गोळीने जावा?

क्रिस्टीन मिझरँडिनो या ल्युपस असलेल्या अमेरिकन बाईंनी २००३ मध्ये याचा हिशोब लिहिला. मैत्रिणीच्या हातात मूठभर चमचे द्यायचे आणि अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा प्रत्येक कामाला एकेक काढून घ्यायचा. चमचे संपले की दिवस संपला. हिशोब चोख आहे. फक्त त्या बाईंना मोदक करायचे नव्हते.

मोदक म्हणजे उकडीचेच. आंबेमोहोराची पिठी, उकड गरम असतानाच मळायची, तळहात भाजला तरी. पारी कडेला पातळ हवी. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कळ्या पाडायच्या, अगदी जवळजवळ, एकीचा दुसरीला धक्का न लागता, आणि सगळ्या वर नेऊन नाकाशी मिटवायच्या. खाली हळदीचं पान. आमच्या अख्ख्या कुळात माझ्या कळ्यांना तोड नाही, हे मी नम्रपणे आणि वारंवार सांगत असते. आणि आमवाताने घर केलं ते नेमकं त्याच चिमटीत!

“अगं, साचा आणूया का?” यजमान घाबरत म्हणाले. मी त्या दिवशी बोलणंच सोडलं. तेवढीच शक्तीची बचत.

खरं सांगायचं तर मला मोदकांचं दुःख नव्हतं. ताप आला की घर पाय दाबायला धावतं, थकव्याला मात्र रोज साक्षीपुरावा द्यावा लागतो. दुपारी आडवं व्हायचं तर आधी कारण तयार ठेवायचं. या माणसाने मला एकदाही कारण विचारलेलं नाही. मी पडले की ते दाराची कडी न वाजवता लावतात आणि भांड्यांचा भरपूर आवाज करत भांडी घासतात.

साचा आला. चतुर्थीला उकड त्यांनी मळली, मोदक त्यांनीच काढले, मी खुर्चीत बसून चुका काढल्या. जेवताना वन्सं म्हणाल्या, “वहिनी, कळ्या काय सुरेख पडल्यात गं! तुझा हात तो तुझाच!”

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं.

“सवय हो,” मी म्हणाले, आणि वाचलेली सगळी शक्ती आणखी स्तुती ऐकण्यात खर्च केली.