आठ तासांचा देव

आषाढी एकादशीला कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून नंदवाळच्या विठोबाकडे पालखी निघते, आणि एरवी फुटबॉलवरून एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पेठांमधली माणसं एका टाळावर चालायला लागतात. आषाढीचा याहून मोठा चमत्कार निदान मंगळवार पेठेला तरी ठाऊक नाही.

अंतर दहा-बारा किलोमीटर. पंढरपूरच्या वारकऱ्याला हे न्याहारीआधीचं चालणं. पण कोथिंबिरीच्या पेंडीसाठी गाडीला किक मारणाऱ्या पेठेला ही तपश्चर्याच. काही साधक जुन्या वाशी नाक्यापर्यंत टाळ वाजवतात आणि पुढे ‘पालखीला आडवा येतो भावा’ म्हणत मित्राच्या मागे बसतात. वाटेत शाबूची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, पुन्हा शाबू. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण करणाऱ्याने कोल्हापूर पाहिलं नसावं. प्रत्येक मांडवावर स्वागताचं डिजिटल. त्यात विठोबा कोपऱ्यात पासपोर्ट साइजचा, आणि भावी नगरसेवक नखशिखान्त.

पुईखडीला रिंगण. अश्व धावतो, टापांखालची माती कपाळी लावायला गर्दी उसळते. माती उचलणाऱ्या हातांपेक्षा मोबाइल धरलेले हात जास्त, हे खरं. पण घोड्याला रील कळत नाही, ते बरंच आहे.

तिथून पुढे शहर सुटतं. दोन्ही अंगांना ऊस, मधल्या खाचरांत भाताची रोपलावण. चिखलगुट्टा झालेल्या वावरात पोटरीभर पाण्यात वाकलेल्या बायका टाळ ऐकून कमरेतून सरळ होतात, मुठीतलं रोप तसंच धरून हात जोडतात आणि पुन्हा वाकतात. झालं दर्शन. पालखी निघून जाते, आणि सातबारा जिथल्या तिथे राहतो.

एवढे भाविक पायी, चिखलातून आणि मुख्य म्हणजे फुकट देवाला जाताहेत, हे सरकारला बघवलं नसावं. म्हणून शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, २०२५ च्या आराखड्यात ८०२ किलोमीटर. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई जोडायची आणि नागपूरहून गोव्याला अठराऐवजी आठ तासांत पोचायचं. देवी वाटेत, गोवा शेवटी. भक्तीचा ओघ कुठे चाललाय ते नकाशाच सांगतो.

रस्ता मागितला कुणी, हे मात्र आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आहेच, मग दुसरा कशाला, हे विचारून शेतकरी थकले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या शिरोळ-करवीरच्या माणसाला पाण्याआडवा आणखी एक भराव नको आहे. त्याला देवाचं वावडं नाही. त्याच्या शेतातूनच तर देवाची वाट जाते. पण चार माणसं बांधावरून जाणं वेगळं आणि बांधासकट शेत जाणं वेगळं, एवढा भेद त्याला कळतो.

सरकारलाही कळतो, निवडणुकीपुरता. २०२४ मध्ये विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने महामार्गासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. मतदानापर्यंत कडकडीत एकादशी, मग सावकाश बारस सोडली. उपास करावा तर असा. १ जुलैला, कृषिदिनी, शेतकऱ्यांनी पंचगंगेच्या पुलाजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. पाच दिवसांनी आषाढी आली आणि पंढरपुरात बळीराजाच्या सुखासाठी शासकीय महापूजा यथासांग पार पडली. विठोबा दोन्हीकडचं ऐकून घेतो. कमरेवरचे हात उगाच नाहीत.

आता भक्तांना फास्टॅग लावून देवदर्शनाला धाडायचं म्हणजे नाके आलेच. शहराच्या वेशीवरचा टोल वर्षानुवर्षं भांडून २०१५ मध्ये रद्द करायला लावणारं हे गाव आहे. नाक्याची जागा नक्की करण्याआधी संबंधितांनी एकदा मंगळवार पेठेत चहाला यावं. चहाचे पैसे कुणी घेणार नाही. ऐकून मात्र बरंच घ्यावं लागेल.